राखेतील विस्तव कोणी राखावा?

अन्न टाकू नये, पाणी सांडू नये, दिवा विनाकारण जळत ठेवू नये, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते. शब्बाथ शाळेतही आपण मुलांना पाच भाकरी व दोन मासळ्यांची गोष्ट सांगतो, तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांचा उल्लेख आवर्जून करतो (योहान ६:१-१३). ज्याने पाच हजारांना तृप्त केले त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरीही त्याने ते वेचायला लावले. देवाच्या दानाचा कणही वाया जाऊ नये, हा त्यातील बोध आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

हाच बोध हाती धरून आपल्या तरुण संघांतील शिकलीसवरलेली मुले कधी कधी एक प्रश्न पुढे करतात. ती म्हणतात, अणुभट्टीतून काढलेले वापरलेले इंधन वर्षानुवर्षे गरम राहते. ते थंड ठेवण्यासाठी पाण्याचे मोठे हौद बांधावे लागतात, पंप चालवावे लागतात. एकीकडे विजेची टंचाई आणि दुसरीकडे ही फुकटची उष्णता हवेत सोडून द्यायची, हा देवाच्या दानाचा अपव्यय नव्हे काय? त्या उष्णतेवर वीज का करू नये?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो केवळ इंजिनियरांचा नाही. उरलेल्या वस्तूशी माणसाने कसे वागावे, असा तो नीतीचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा विचार मंडळीच्या मासिकात करणे अस्थानी होणार नाही. शिवाय हा विषय आपल्या दारापासून दूरही नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली महाराष्ट्रात तारापूर येथे सुरू झाले. गोवा व बेळगाव भागातील वाचकांना काळी नदीवरचे कैगा ठाऊक आहे, बडोद्याच्या वाचकांना सुरतेकडचे काकरापार. हैद्राबादमध्ये तर १९७१ पासून अणुइंधन तयार करणारा कारखाना आहे. तेथे घडलेले, सुमारे अर्धा मीटर लांबीचे इंधनाचे जुडगे देशातील भट्ट्यांकडे जातात आणि आपले काम करून गरम अवस्थेत बाहेर पडतात.

आधी वस्तुस्थिती पाहू. भट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते व वाफेवर वीज. पण फुटलेल्या अणूंचे जे तुकडे मागे राहतात ते शांत नसतात. भट्टी बंद केली तरी ते किरणोत्सर्ग करीत राहतात आणि त्यातून उष्णता निघत राहते. भट्टी बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहासात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पुढे ती हळूहळू कमी होते, पण दीर्घकाळ शून्य होत नाही. चूल विझवल्यावरही राखेखाली विस्तव राहावा, तसे हे आहे.

या विस्तवावर वीज करता येईल काय? करता येईल, पण फार थोडी. जगात सर्रास असणाऱ्या, साध्या पाण्याने थंड होणाऱ्या भट्ट्यांचे एक टन इंधन दहा वर्षे हौदात ठेवले, तर त्यातून एक ते दीड किलोवॅट उष्णता निघते, म्हणजे घरातील विजेच्या एका इस्त्रीएवढी. कैगा किंवा काकरापारच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत प्रत्येक टन इंधन त्या मानाने कमी जळते, म्हणून त्याची मागची उष्णता याहूनही कमी असते. शिवाय हौदातील पाणी कोमट असते, उकळते नव्हे. उष्णतेची वीज होते ती तापमानातील फरकावर. पंचेचाळीस अंशांचे पाणी आणि तीस अंशांची हवा एवढ्याच फरकावर यंत्र चालवायचे म्हटले, तर शंभरातील चारपाच भागांहून अधिक वीज तत्त्वतःदेखील निघत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळणे कठीण. टनभर इंधनामागे दोनतीन लहान दिवे, एवढाच हा हिशेब. गरम राखेत रताळे भाजते, पण तिच्यावर पंगतीचा भात शिजत नाही, हे आपल्या आयाआजींना पुस्तकावाचून ठाऊक होते.

मात्र वापरलेल्या इंधनातून एखादे द्रव्य वेगळे करून, शुद्ध व एकवटलेल्या रूपात घेतले, तर गोष्ट निराळी होते. स्ट्रॉन्शियम-९० हे असे एक द्रव्य. दुसरे प्लुटोनियम-२३८. ते वापरलेल्या इंधनातून काढलेल्या नेप्च्युनियमपासून तयार करतात. अशा द्रव्याच्या डबीभोवती विशिष्ट धातूंच्या जोडण्या बसवल्या की उष्णतेची थेट वीज होते. त्यात फिरणारे चाक नाही, इंधन भरणे नाही. १९७७ साली अमेरिकेने सोडलेली दोन व्हॉयेजर याने अशाच विजेवर पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ सूर्यमालेच्या कडेवरून संदेश पाठवीत राहिली. निघताना त्या प्रत्येक यानावरील सुमारे सात हजार वॅट उष्णतेतून ४७० वॅटच्या आसपास वीज मिळत होती. जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि जेथे शेजारी कोणी नाही, तेथे हा उपयोग खरोखर अद्भुत आहे. ज्याने अणूच्या पोटात ही शक्ती ठेवली त्याची स्तुती करावी असाच.

तुकडे वेचण्याची दुसरी उदाहरणे आपल्या देशातही आहेत. भारताने वापरलेल्या इंधनाला प्रथमपासून निव्वळ कचरा मानलेले नाही. त्यातून उपयोगी द्रव्ये काढून घेण्याचे काम तुर्भे येथे १९६४ पासून होत आले आहे. त्या उरल्यासुरल्या द्रवातून भाभा अणुसंशोधन केंद्राने सीझियम वेगळे केले आणि ते काचेत बंद करून रक्तपेढ्यांतील किरणयंत्रांसाठी दिले. रुग्णाला द्यावयाचे रक्त त्या किरणांनी अधिक सुरक्षित होते. ज्याला कालपर्यंत घातक गाळ म्हटले, त्यातून आजारी माणसाला आधार मिळाला. हे टोपलीत वेचलेले तुकडे नव्हेत, असे कोण म्हणेल?

इथवर आपल्या तरुणांचा युक्तिवाद बरोबर आहे. आता दोन घटना पाहू. दोन्हींत याच प्रकारच्या यंत्राचा संबंध आहे, आणि दोन्हींत माणसांनी त्याची ऊब घेतली.

पहिली घटना आपल्या हिमालयातील. चीनने १९६४ साली अणुचाचणी केली. त्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिका व भारत यांच्या गुप्तचर खात्यांनी १९६५ साली नंदादेवी शिखरावर एक उपकरण बसवण्याचे ठरविले. बर्फात त्याला वीज पुरवणार होती ती प्लुटोनियमची उष्णता. भार वाहणाऱ्या शेर्पांना त्या यंत्राची ऊब हवीहवीशी वाटे, असे मोहिमेचे नेते कॅप्टन एम. एस. कोहली यांनी पुढे सांगितले आहे. वाटेत हिमवादळ झाले. माणसांचे प्राण वाचवण्यासाठी यंत्र डोंगरावरच बांधून ठेवून तुकडी खाली उतरली. १९६६ साली पुन्हा वर गेले तेव्हा ते जागेवर नव्हते, आणि ते कधीच सापडले नाही. १९७८ साली ही बातमी फुटल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावे लागले. ज्या हिमनद्यांतून गंगेला पाणी मिळते, त्यांच्यापाशी ती डबी कोठेतरी पडून आहे. खाली राहणाऱ्या माणसांना तिच्याविषयी कोणी विचारले नव्हते. तेरा वर्षे कोणी सांगितलेही नाही.

दुसरी घटना जॉर्जिया देशातील. तो प्रदेश सोव्हिएत संघात असताना, १९८० च्या दशकात, तेथील एन्गुरी नदीच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांमधील रेडिओ संदेश पोहोचवण्यासाठी स्ट्रॉन्शियमवर चालणारी काही यंत्रे बसविली होती. अशा एका यंत्रातून जेमतेम दहा वॅट वीज मिळे. पुढे प्रकल्प थांबला, सोव्हिएत संघ मोडला, यंत्रे निकामी झाली आणि त्यांचे आतले गाभे रानात पडून राहिले. २००१ सालच्या डिसेंबरात लिया गावातील तीन माणसे सरपणासाठी रानात गेली. थंडी कडाक्याची. एका जागी बर्फ वितळलेला दिसला आणि तेथे दोन लहान गरम नळकांडी पडलेली. ती काय आहेत हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. त्यांनी रात्र त्या उबेशेजारी काढली. थोड्याच वेळात त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. पुढे अंगावर, पाठीवर न भरणाऱ्या जखमा झाल्या. दीर्घ उपचार झाले, पण त्यांतील एकजण २००४ साली मरण पावला.

त्या तीन माणसांनी काय पाप केले होते? थंडीत ऊब शोधली, एवढेच. आणि ज्यांनी ते यंत्र बसवले त्यांनी तरी काय पाप केले? ते दुष्ट नव्हते. दुर्गम डोंगरात वीज हवी होती, ती त्यांनी उरलेल्या उष्णतेतून काढली. आपल्या तरुणांच्या मापाने पाहिले तर त्यांनी काहीच वाया घालवले नाही. मग चूक कोठे झाली?

माझ्या मते चूक येथे झाली की, वस्तूचा उपयोग संपला तेव्हा तिची जबाबदारीही संपली असे धरले गेले. दहा वॅट वीज मिळत होती तोवर यंत्राला मालक होता. वीज नको झाली आणि मालक नाहीसा झाला. पण स्ट्रॉन्शियमला हे कोणी कळवले नव्हते. त्याचा जोर निम्मा व्हायला सुमारे तीस वर्षे लागतात, आणि तो क्षीण होण्यास तीन शतके. राज्ये त्याआधी मोडतात.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने मनुष्याला बागेत ठेवले तेव्हा त्याच्यावर दोन कामे सोपविली, एक मशागतीचे आणि दुसरे राखणीचे (उत्पत्ती २:१५). आपण पहिले काम उत्साहाने करतो, कारण त्यात पीक आहे. दुसऱ्या कामात पीक दिसत नाही. राखणदाराच्या हाती दिवसाअखेर दाखवण्यासारखे काही नसते. काही झाले नाही, हेच त्याच्या कामाचे फळ. म्हणून राखणीला मान कमी, वेतन कमी, आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री तिलाच. परंतु देवाने ही दोन कामे दोन माणसांना वाटून दिली नव्हती. ज्याने मशागत करायची त्यानेच राखायचे होते.

मोशेच्या नियमशास्त्राने हे तत्त्व अगदी रोजच्या व्यवहारात आणून दाखविले आहे. कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई खणणाऱ्याने द्यायची (निर्गम २१:३३-३४). बैलाने पाहून का चालू नये, असे तेथे विचारलेले नाही. खड्डा कशासाठी खणला, हेतू चांगला होता की वाईट, हेही विचारलेले नाही. खणलास, तर झाकणेही तुझेच. तसेच नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे अनुवादाच्या पुस्तकात आहे (अनुवाद २२:८). कठड्याने घर मोठे होत नाही, त्यात धान्यही साठत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या जिवासाठी असतो.

हा नियम जुना झाला असे वाटत असेल, तर आपल्या गावांतील कोरड्या बोअरवेलींकडे पाहावे. पाणी लागले नाही की पाईप काढून नेतात आणि भोक तसेच सोडतात. त्यात लहान मुले पडून दगावली, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला त्या झाकण्याविषयी निर्देश द्यावे लागले. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात जे होते तेच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. बोअरवेल काय किंवा स्ट्रॉन्शियमची डबी काय, पाप एकच आहे. उपयोग आपला, आणि उरलेला धोका दुसऱ्याच्या लेकराचा.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग ही सगळी उष्णता हवेत सोडणेच योग्य काय? वाया घालवू नये हा प्रभूचा धडा विसरायचा काय? नाही. पण कशाला वाया जाणे म्हणावे, याचा नीट विचार हवा. तारापूर येथे अत्यंत किरणोत्सर्गी द्रव काचेत गोठवून पोलादी डब्यांत भरतात आणि ते डबे एका खास कोठीत ठेवतात. त्यांच्या उष्णतेने हवा तापते, तापलेली हवा उंच धुराड्यातून आपोआप वर जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. पंखा लागत नाही, वीज लागत नाही. त्या उष्णतेवर एकही दिवा लागत नाही, परंतु ती स्वतःच्या राखणीचे काम स्वतः करते. तिला वाया गेली असे कसे म्हणावे?

याच्या उलट चित्र जगाने ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमा येथे पाहिले. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीच्या लाटेने डिझेल जनित्रे बुडविली, वीज गेली, पंप थांबले, आणि उरलेल्या उष्णतेनेच तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. उष्णतेने भरलेले ते केंद्र थोड्याशा विजेवाचून हतबल झाले. तेव्हापासून शास्त्रज्ञ नव्या उमेदीने विचार करू लागले की, ही मागे राहणारी उष्णताच वापरून तिला थंड करणारी यंत्रणा चालवता येईल काय. युरोपात अशा यंत्रणेवर संशोधन झाले आहे. उरलेल्या उष्णतेपासून करण्यासारखी वीज असेल तर माझ्या समजुतीप्रमाणे ती प्रथम ही होय. तिने आधी आपली राखण करावी. त्यातून काही उरले तर मग शेजाऱ्याचा दिवा लावावा.

शेजारी म्हटल्यावर शोमरोन्याचा दृष्टांत आठवतो (लूक १०:२५-३७). तेथे शेजारी ठरला तो वाटेवर भेटलेल्या परक्याला उचलणारा. आपला हा प्रश्न त्या वाटेला आणखी लांब नेतो. प्लुटोनियमचा एक प्रकार असा आहे की त्याचा जोर निम्मा होण्यास चोवीस हजार वर्षे लागतात. आपल्या प्रभूच्या जन्माला दोनच हजार झाली. फिनलंड देशाने ओल्किलुओटो येथे चारशे मीटरहून खोल खडकात वापरलेल्या इंधनासाठी बोगदे खणले आहेत. त्या मार्गाविषयी मतभेद असतील. पण ज्यांची भाषाही आपल्याला कळणार नाही अशा माणसांच्या जिवाची काळजी आज आपल्या खर्चाने करावी, हा त्यामागचा विचार शोमरोन्याच्या वाटेवरचाच आहे. त्यानेही भटारखान्याचे पैसे स्वतः दिले आणि जास्त लागले तर परत येऊन देईन म्हणून जबाबदारी पुढेही चालू ठेवली.

शेजारी आजही आहेत. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली. वीज तारांवरून दूरच्या शहरांत गेली, डबे तेथेच राहिले. दिव्याखाली बसून हे मासिक वाचणाऱ्या आपल्यापैकी कोणाला त्या विजेचा वाटा मिळत असेल, तर त्या राखणीतही आपला वाटा आहे. निदान एवढे की, राखणीचा खर्च बिलात आला तर कुरकुर करू नये, आणि स्वस्त विजेचे आश्वासन देणाऱ्याला त्या हिशेबात राखण धरली आहे काय, असे विचारावे.

म्हणून अशा कोणत्याही योजनेची बातमी आली की ख्रिस्ती माणसाने तिला भिऊन पळू नये आणि तिच्या पायाही पडू नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. हिच्यातून लाभ कोणाला? लाभ संपल्यावर हिला राखणार कोण, आणि त्याची तरतूद आजच करून ठेवली आहे काय? आणि तो राखणदार उद्या नाहीसा झाला, तर रानात सरपणाला आलेल्या अजाण माणसाला काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल, तर दहा वॅट असोत की दहा हजार, ती वीज महाग आहे.

हीच कसोटी घरातही लावता येते. संपलेले सेल, फुटलेली ट्यूब, जुनी औषधे आपण कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो, आणि उद्या कोणी कचरा वेचणारी बाई ती उघड्या हाताने उचलते. थोडक्यात निष्ठा न ठेवणारा पुष्कळातही ठेवत नाही, असे प्रभूने कारभाऱ्याच्या दृष्टांतानंतर सुचविले आहे (लूक १६:१०). अणुभट्टी आपल्या हाती नाही, परंतु घरामागची जुनी विहीर आपल्या हाती आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. भाकरीची गोष्ट सांगताना मुलांना विचारावे की, लोकसमुदाय जेवून निघून गेल्यावर त्या बारा टोपल्यांचे काय झाले असेल? वचनात ते सांगितलेले नाही. पण भरलेली टोपली आपोआप चालत जात नाही. ती कोणीतरी उचलली असणार, जड वाटली तरी वाहिली असणार. तुकडे वेचायला लावणाऱ्या प्रभूने ते शिष्यांनाच वेचायला लावले, ज्यांनी ती भाकर स्वतःच्या हातांनी वाढली होती. ज्या हातांनी वाढले त्याच हातांनी मागचे आवरले. आपली मुले उद्या इंजिनियर होतील, परिचारिका होतील, सरपंच होतील. तेव्हा मागचे आवरण्याची लाज त्यांना वाटू नये आणि राखणीचा कंटाळा येऊ नये, एवढे जरी आपण आज त्यांच्या मनावर बिंबवले, तरी आपल्या शिकवणीचे सार्थक होईल. प्रभू आपणा सर्वांना विश्वासू कारभारी करो.